मला कुणी निवडून दिलं नाही, मग मी प्रतिनिधी कुणाची?

प्रश्न: ताई, मी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या कॅम्पसवर एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी विभागात पहिली आले म्हणून विद्यार्थी तक्रार निवारण समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून माझं नाव गेलं. विभागप्रमुखांनी बोलावून पत्र हातात दिलं, एवढंच. पहिल्या बैठकीत मी टोकाच्या खुर्चीवर बसले, हजेरीपत्रकावर सही केली, चहा घेतला आणि परत आले. निघताना एक सर म्हणाले, ‘इथलं बाहेर बोलायचं नाही.’ मी नाही बोलले. आता मुली म्हणतात, तू सरांची माणूस झालीस. आमच्या वसतिगृहाचं दार रात्री ९ ला बंद होतं. ग्रंथालयाची अभ्यासिका रात्रभर उघडी असते, पण ती फक्त मुलांच्या उपयोगाची. हे मी सोडवावं असं सगळ्यांना वाटतं. माझ्या प्रकल्पाचे गुण विभागप्रमुखांच्या हातात आहेत. बाबा शेतकरी आहेत, ते म्हणतात, भानगडीत पडू नकोस, डिग्री घेऊन घरी ये. सेटचा, म्हणजे सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचा अभ्यासही मागे पडलाय. राजीनामा देऊ का? आणि आणखी एक. एका ज्युनिअर मुलीनं मला एका प्राध्यापकांचे रात्री-अपरात्री आलेले मेसेज दाखवले आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. त्याचं काय करू?

उत्तर:

तुझ्या पत्रातला शेवटचा मुद्दा मी आधी घेते, कारण त्याला मुदत आहे. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत, तेव्हा निर्धास्त वाच.

त्या मुलीनं शपथ घातली आहे, ती पाळ. तिचं नाव कुणालाही सांगू नकोस, मैत्रिणीला नाही, रेक्टर मॅडमना नाही, मलाही नाही. पण गप्प राहण्याची शपथ तू घेतलीस, तिला एकटं सोडण्याची नाही. तिच्याकडे परत जा आणि तिला ठाऊक नसलेल्या गोष्टी सांग. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रत्येक विद्यापीठात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती असते. तक्रार लेखी द्यायची आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची. असे प्रकार लागोपाठ होत असतील तर शेवटच्या प्रकारापासून तीन महिने मोजतात. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. तिला लिहिणं जमत नसेल तर समितीच्या सदस्यांनीच तिला मदत करायची असते. प्रकरणात विद्यार्थी असतील तेव्हा या समितीवर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन अशा तिन्ही पातळ्यांवरचा एकेक विद्यार्थी सदस्यही असतो. चौकशी ९० दिवसांत संपवावी लागते. आणि तिला सगळ्यात जास्त धीर देईल अशी गोष्ट म्हणजे, चौकशी चालू असताना त्या प्राध्यापकांनी तिचे पेपर तपासू नयेत, तिच्या कामाचं मूल्यमापन करू नये, अशी व्यवस्था करायला समिती सांगू शकते. गुणांच्या धास्तीनं कितीतरी मुली तोंड मिटून बसतात, आणि ही तरतूद त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नसते.

मेसेज डिलीट करू नकोस म्हणावं. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवावेत, पण पुढे कुणाला पाठवू नयेत, तुलासुद्धा नाही. तक्रार करायची की नाही, हे ती ठरवेल. ती हो म्हणाली तर दारापर्यंत तिच्यासोबत जा. हा विषय तुझ्या तक्रार निवारण समितीत मात्र चुकूनही काढू नकोस. ती समिती वेगळी, ही वेगळी, आणि तिथे ज्यांना हे कळायचं कारण नाही अशी माणसं बसलेली असतात. एकाच परिस्थितीत शपथ मोडायची. तो माणूस प्रत्यक्ष तिच्या मागे यायला लागला, किंवा ती स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करण्याचं बोलली, तर त्याच क्षणी ११२ ला फोन कर आणि ज्या मोठ्या माणसावर तुझा विश्वास आहे त्याला उठव. ती रागावेल. रागावू दे.

आता तुझ्याबद्दल.

‘मला कुणी निवडून दिलं नाही’ हे वाक्य तू पत्रात तीनदा लिहिलं आहेस (छापताना ती जागा कमी केली), म्हणजे ते तुला खुपतंय. खुपणं योग्य आहे, पण त्यात तुझा दोष नाही. आपल्या राज्यात एक काळ असा होता की जीएस (महाविद्यालयाचा विद्यार्थी सरचिटणीस) आणि यूआर (विद्यापीठ प्रतिनिधी) मतपेटीतून यायचे. त्या निवडणुकांत पैसा आला, हाणामाऱ्या आल्या. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुका बंद झाल्या आणि वर्गात पहिला येईल तो सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, अशी पद्धत रुळली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थी निवडणुकांबद्दलच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी देशभर लागू केल्या. त्यात उमेदवाराच्या खर्चाला ५,००० रुपयांची मर्यादा होती, ७५ टक्के हजेरीची अट होती, छापील पोस्टरला बंदी होती. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमात थेट निवडणूक पुन्हा आली. २०१९ मध्ये तिचं वेळापत्रकही निघालं आणि मग ती पुढे ढकलली गेली. माझं मत विचारशील तर मला निवडणूक हवी आहे. अठरा वर्षांची मुलं खासदार निवडतात, त्यांना स्वतःचा जीएस निवडता येऊ नये हे मला कधीच पटलेलं नाही. तुझ्या समितीवर तर विद्यार्थी घ्यायचा तोच गुणवत्ता, खेळ किंवा इतर उपक्रमांतली कामगिरी बघून, असं आयोगाच्या विद्यार्थी तक्रार निवारणाच्या २०२३ च्या विनियमांत लिहिलेलं आहे.

म्हणजे तुला खुर्ची मिळाली आहे, पाठिंबा मिळालेला नाही. तो तुला नंतरही मिळवता येतो. त्यासाठी भाषण नको, लोकप्रियता नको. बैठकीच्या आधी मुलींकडे जायचं आणि बैठकीनंतर परत त्यांच्याकडे जायचं. या दोन फेऱ्या तू नेमानं केल्यास तर तुझं नाव कुणी पाठवलं होतं हे महिन्याभरात कुणाच्या लक्षातही राहणार नाही. आधीच्या फेरीत विचार, काय मांडू. नंतरच्या फेरीत सांग, काय मांडलं, काय उत्तर आलं, कशाला उत्तर आलं नाही. ‘उत्तर आलं नाही’ हेही सांग. मुलींना तुझ्याकडून विजय नको असतो, खरी बातमी हवी असते. पहिल्या बैठकीनंतर तू गप्प राहिलीस आणि त्या गप्प बसण्याचा त्यांनी त्यांच्या परीनं अर्थ लावला. या फेऱ्या समोरासमोर कर, मेसच्या टेबलावर दहा मिनिटं पुरतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर तारीख आणि वेळ टाक, चर्चा नको. तिथे रात्री एकाला सुरू झालेली चर्चा सकाळी भांडण होऊन उठते.

‘इथलं बाहेर बोलायचं नाही’ असं म्हणणारे सर अर्धे बरोबर आहेत. एखाद्या विद्यार्थ्याची वैयक्तिक तक्रार समितीपुढे आली, तर त्याचं नाव, त्याचे गुण, त्याच्या घरची परिस्थिती, कोण सदस्य काय म्हणाला, यातलं अक्षरही बाहेर जाता कामा नये. ज्या मुलानं विश्वासानं अर्ज दिला, त्याची कथा कॅन्टीनमध्ये ऐकू आली तर उद्या कुणी अर्जच देणार नाही. पण अभ्यासिकेची वेळ, निकाल लांबणं, शिष्यवृत्ती अडकणं, मेसचं पाणी, हे सगळ्यांचे प्रश्न आहेत. त्यावर समितीनं काय शिफारस केली हे मुलींना कळायलाच हवं. पुढच्या वेळी कुणी असं म्हणालं तर नम्रपणे विचार, ‘सर, नावं मी सांगणार नाही. पण अभ्यासिकेबद्दलचा निर्णय मुलींना कळवला तर चालेल ना?’ सगळ्यांसमोर याला नाही म्हणणं कठीण जातं.

आता अभ्यासिका. मी विद्यापीठाच्या कचेऱ्यांत बरीच वर्षं काम केलं आहे, त्यामुळे कागद कुठे अडकतो हे मला माहीत आहे.

पहिली गोष्ट, ९ चा नियम कुठे लिहिलेला आहे ते शोध. रेक्टर म्हणतील वरून आदेश आहे, वरचे म्हणतील रेक्टरांचा निर्णय आहे. आदेशाची प्रत माग. तोंडी मागून मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाक. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. पुष्कळदा असं निघतं की आदेश नाहीच, कुणीतरी कधीतरी दार लावलं आणि ते तसंच लागत राहिलं. असं निघालं तर तुझं अर्धं काम झालं, कारण नसलेला आदेश रद्द करायला कुणाची सही लागत नाही.

दुसरी गोष्ट, हा विषय तुझ्या समितीच्या कक्षेत येतो का, असं नक्की विचारलं जाईल. येतो. २०२३ च्या विनियमांत तक्रारीची जी व्याख्या आहे, तीत विद्यार्थिनींवरच्या भेदभावाची तक्रार येते. आणि २०१५ चे जे विनियम मी वर सांगितले, त्यात सुरक्षिततेचं कारण पुढे करून मुलांच्या तुलनेत मुलींवर वसतिगृहात भेदभावाचे नियम लादू नयेत, असं स्पष्ट म्हटलं आहे. कॅम्पसवरच्या महिलांच्या सुरक्षिततेबद्दलच्या आयोगाच्या ‘सक्षम’ अहवालातही २०१३ मध्ये हेच आलं होतं. या दोन्हींच्या प्रती बरोबर ने. बैठकीत तू टोकाच्या खुर्चीवर बसतेस आणि विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित असल्यामुळे गणपूर्तीत, म्हणजे बैठकीला लागणाऱ्या किमान संख्येत, तुला धरत नाहीत. तिथे तुझ्या आवाजाला कमी वजन आहे, आयोगाच्या कागदाला जास्त आहे. मग तो कागद बोलू दे.

तिसरी गोष्ट, रेक्टर मॅडमना समितीत अचानक तोंडघशी पाडू नकोस. आधी त्यांना भेट. त्यांची भीती खरी असते. मध्यरात्री एखादी मुलगी परतली नाही तर घरून फोन त्यांनाच येतो, कुलगुरूंना नाही. त्यांना विचार, दार उघडं ठेवायचं तर तुम्हाला काय लागेल? त्या म्हणतील, ग्रंथालय ते वसतिगृह या वाटेवर दिवे लागत नाहीत, रात्रपाळीला महिला सुरक्षारक्षक नाही, ये-जा नोंदवायला रजिस्टर नाही. या मागण्या आपल्या अर्जात घाल. मग अर्ज त्यांच्या विरुद्ध राहत नाही, त्यांच्याही सोयीचा होतो. सगळ्या मुली तुझ्या बाजूच्या असतील असंही धरून चालू नकोस. काहींना ९ ला दार लागलेलंच बरं वाटत असेल. त्यांचं ऐकून घे. दार उघडं राहिलं म्हणून कुणी बाहेर पडायलाच हवं असं नाही, एवढंच त्यांना सांग.

मग अर्ज लिही. एका पानाचा. असा काहीसा:

‘मा. अध्यक्ष, विद्यार्थी तक्रार निवारण समिती यांना. विषय: ग्रंथालयाची अभ्यासिका विद्यार्थिनींना विद्यार्थ्यांइतक्याच वेळेत वापरता येण्याबाबत. महोदय, अभ्यासिका रात्रभर खुली असते. मुलींच्या वसतिगृहाचे दार रात्री ९ वाजता बंद होत असल्याने आम्हांस तिचा उपयोग करता येत नाही. सोबत आयोगाच्या विनियमांतील संबंधित उतारा जोडला आहे. तरी अभ्यासिकेसाठी जाणाऱ्या विद्यार्थिनींना वेळेचे बंधन असू नये, वाटेवरील दिवे सुरू करावेत, रात्रपाळीस महिला सुरक्षारक्षक नेमावी व दारावर नोंदवही ठेवावी, ही विनंती. आपल्या निर्णयाची प्रत लेखी मिळावी.’

यात ‘कृपया परवानगी द्यावी’ असं घालू नकोस. अभ्यासिका तुमचीही आहे, तिथे जायला परवानगी कसली? खाली सह्या, नावासमोर वर्ग. जिला भीती वाटते तिला आग्रह नको, वीस सह्या मनापासूनच्या असल्या तरी पुष्कळ. कुठल्याही विद्यार्थी संघटनेच्या लेटरहेडवर हा अर्ज जाऊ देऊ नकोस. संघटना पाठिंबा द्यायला आल्या तर स्वागत कर, त्यांच्यातली काही मुलं खरोखर जीव तोडून काम करतात. पण लेटरहेड लागलं की समितीत चर्चा अभ्यासिकेची राहत नाही, संघटनेची होते.

अर्ज कुणाच्या हातात देऊन परत येऊ नकोस. आवक विभागात दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घे. विद्यापीठाचं तक्रारींचं ऑनलाइन पोर्टल असतं, तिथेही नोंदव. तक्रार आल्यापासून पंधरा कामकाजाच्या दिवसांत समितीनं शिफारशींसह अहवाल द्यावा, अशी अपेक्षा विनियमांत आहे. दिवस मोजायचे तर तारखेचा शिक्का लागतो. समितीचं उत्तर पटलं नाही तर ते मिळाल्यापासून पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं, आणि त्यांनी तीस दिवसांत निकाल देणं अपेक्षित असतं.

बैठकीच्या आठवडाभर आधी सदस्य सचिवांना लिहून दे की हा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या शेवटच्या रकान्यात तो ढकलू देऊ नकोस. त्या वेळेपर्यंत निम्मे सदस्य गाडीची किल्ली हातात घेऊन बसलेले असतात. बैठकीनंतर इतिवृत्ताची प्रत माग. तुझा मुद्दा त्यात नसेल तर दोन ओळींचं पत्र दे, ‘अमुक तारखेच्या बैठकीत मी मांडलेल्या मुद्द्याची नोंद व्हावी.’ बैठकीत किती छान बोलणं झालं हे सहा महिन्यांनी कुणी सांगत नाही, इतिवृत्तात काय आहे तेच उरतं.

ते तुला मधला मार्ग सुचवतील. बहुधा म्हणतील, वसतिगृहातच एक खोली अभ्यासाला देतो. खोली घे, उपयोगी पडेल. पण अर्ज मागे घेऊ नकोस. संदर्भग्रंथ, जर्नल, संगणक ग्रंथालयात आहेत, खोलीत चार टेबलं आणि एक पंखा येईल. महिनाभर प्रायोगिक तत्त्वावर करू म्हणाले तर तेही मान्य कर, फक्त सुरू व्हायची आणि आढावा घ्यायची तारीख लेखी घे. पालकांची संमतिपत्रं आणा म्हणाले तर मात्र मान्य करू नकोस. पदव्युत्तर वर्गातली मुलगी सज्ञान आहे. वाचायला जाण्यासाठी मुलांकडून बापाची चिठ्ठी कुणी मागत नाही, तर मुलींकडूनही मागायची नाही.

तुझ्या गुणांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. ती खरी आहे आणि तुझ्या बाबांची काळजीही खरी आहे. ज्या घरातून एक मुलगी कॅम्पसवर पोचते, त्या घराचं सगळं तिच्या डिग्रीला टांगलेलं असतं. म्हणून काही गोष्टी सांभाळ. विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये या विषयावर एकटी जाऊ नकोस, दोघी जा. अर्ज देण्याच्या आदल्या दिवशी त्यांना स्वतः जाऊन सांग की असा अर्ज देतोय. दुसऱ्याकडून कळलं की माणसं बिघडतात. हा प्रश्न वसतिगृहाचा आहे, त्यांच्या विभागाचा नाही, हेही त्यांच्या कानावर घाल. प्रकल्पाचं काम वेळेवर दे, मार्गदर्शकांशी झालेल्या भेटीची तारीख आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या ई-मेलवर येऊ देत. अन्यायकारक किंवा अपारदर्शक मूल्यमापन हीसुद्धा त्याच विनियमांत तक्रारीची बाब आहे, आणि लेखी परीक्षेची तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये मान्य केलेला आहे. बहुतेक वेळा यातलं काही वापरावं लागत नाही. बाबांना फोनवर सांग, भांडायला जात नाही, अर्ज द्यायला जातेय. शेतकऱ्याला पंचनाम्यापासून पीकविम्यापर्यंत अर्जाची किंमत कळते. ते समजून घेतील असं मला वाटतं.

राजीनामा आत्ता देऊ नकोस. तुझी मुदत एक वर्षाची आहे आणि त्यातले काही महिने गेलेही. वर्षभरात सगळे प्रश्न हातात घ्यायचे नाहीत, हा एकच घ्यायचा. मेसचं पाणी, निकाल, शिष्यवृत्ती घेऊन येणाऱ्या मुलींना पोर्टलवर तक्रार कशी नोंदवायची ते दाखव आणि त्यांची तक्रार त्यांनाच लिहू दे. आठवड्यातले दोन संध्याकाळचे तास या कामाला, बाकी सेटला. ज्या दिवशी हे दोन तास सहा होतील आणि पेपर महिन्यावर आलेला असेल, त्या दिवशी रजा माग, त्यात कमीपणा नाही. विशेष निमंत्रिताच्या गैरहजेरीनं बैठक अडत नाही. आणि जाताना शिक्क्याच्या प्रती, इतिवृत्तं, पत्रं एका फाईलला लावून पुढच्या मुलीच्या हातात दे. दर वर्षी नवी प्रतिनिधी येते आणि पहिल्या अर्जापासून सुरुवात करते, प्रशासनाला याचीच सवय झालेली असते.

अर्जाचा मसुदा तयार झाला की सह्या घेण्याआधी मला पाठव. विषयाची ओळ आणि मागण्यांचा क्रम मी बघून देते. आणि त्या ज्युनिअर मुलीकडे मात्र आजच जा.